विश्लेषण : घरात दोन-तीन गाड्या, तरीही विम्याचे कवच अर्धेच?

अमेरिकेत साधारण सातपैकी एक चालक विम्याविना गाडी चालवतो, असा तेथील इन्शुरन्स रिसर्च कौन्सिलचा अंदाज आहे. अशा चालकाने धडक दिली तर भरपाई कोणाकडे मागायची? पेनसिल्व्हेनिया राज्यात यावर उपाय आहे, पण तो ऐच्छिक. हप्ता कमी करायचा म्हटले की पहिली कात्री त्यालाच लागते. पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया परिसरातील दोन-तीन गाड्या बाळगणाऱ्या मराठी कुटुंबांनी त्याआधी हे गणित समजून घ्यायला हवे.

कवच नेमके कशासाठी?

चूक समोरच्याची, पण त्याच्याकडे विमा नाही किंवा तो धडक देऊन पळाला, अशा वेळी ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ कव्हर उपयोगी पडते. उपचार, बुडालेला पगार आणि वेदना यांची भरपाई स्वतःचीच विमा कंपनी देते. पॉलिसीधारक, जोडीदार आणि घरात राहणारे नातेवाईक यांना पायी चालतानाही ते लागू होते. गाडीच्या दुरुस्तीसाठी मात्र ‘कोलिजन’ विमा वेगळा घ्यावा लागतो.

दोन गाड्यांचा फायदा काय?

प्रत्येक गाडीवर एक लाख डॉलरचे कवच असेल, तर दोन गाड्यांचे मिळून दोन लाख, तिघींचे तीन लाख. यालाच ‘स्टॅकिंग’ म्हणतात. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार, हे कवच घेतले की स्टॅकिंग आपोआप मिळते. ते नको असेल तर पॉलिसीवर पहिले नाव असलेल्याने लेखी नकार द्यावा लागतो. त्या बदल्यात हप्ता घटतो. पण गाड्या कितीही असोत, मर्यादा एकाच गाडीची उरते.

आरोग्य विमा पुरेसा नाही?

आरोग्य विमा रुग्णालयाचे बिल भागवतो, बुडालेला पगार देत नाही. शिवाय तो बहुधा नोकरीशी बांधलेला असतो. दुखापतीमुळे नोकरी गेली, तर तोही धोक्यात येतो. वाहन विम्यातील सक्तीचा वैद्यकीय लाभ किमान ५ हजार डॉलरचा आहे. मोठ्या अपघातात तो कुठल्या कुठे संपतो.

मग करावे काय?

नकाराच्या अर्जावर सही एकाची होते, परिणाम सगळ्या घरावर. त्यामुळे हा निर्णय घरात बसून, चर्चा करूनच व्हायला हवा. ऑनलाइन पॉलिसी घेताना ‘कमी हप्ता’ पाहून घाईने सही करणे महागात पडू शकते. बचतच करायची तर कोलिजनची डिडक्टिबल रक्कम वाढवावी; गाडीचा खर्च खिशातून झेपेल, माणसाच्या दुखापतीचा झेपेलच असे नाही. पुरेसा विमा नसलेल्या चालकांविरुद्धचे ‘अंडरइन्शुअर्ड’ कव्हर वेगळे असते, तेही तपासावे. भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आईवडील ‘घरातील रहिवासी’ ठरतात का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

समोरच्याने विमा काढला आहे की नाही, हे आपल्या हातात नाही. आपण कुठे सही करतो, हे मात्र नक्कीच आहे.