गिऱ्हाइकाचा धर्म विचारू नका

भोसरी एमआयडीसीपासून चाकण-महाळुंगेपर्यंत पाळी सुटली की किराणा दुकानापुढे, खानावळीपुढे, सलूनपुढे गर्दी होते. त्या गर्दीत बीड-नांदेडचा, गोरखपूरचा, दरभंग्याचा, गंजामचा कामगार शेजारी शेजारी उभा असतो. या पट्ट्यातला सगळा किरकोळ व्यापार या माणसांच्या पगारावर चालतो. तरीही खोली पाहायला आलेल्याचे आडनाव ऐकताच ‘खोली कालच गेली’ असे सांगणारे मालक मोशी-चिखलीपासून नाणेकरवाडीपर्यंत भेटतात. खोली हे कायद्याने दुकान ठरते का, यावर वकील खुशाल वाद घालोत. महिन्याला भाडे घेऊन दिलेली सेवा हा धंदाच आहे.

दुकानदाराने श्रद्धा जरूर ठेवावी. एकादशीला दुकान बंद ठेवावे, नमाजाला शटर अर्धे ओढावे, अंडी किंवा दारू विकू नये. त्यात कोणाचाच अपमान नाही. श्रद्धेने आपण काय विकायचे ते ठरवावे. कोणाला विकायचे, हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये बेलफास्टच्या एका बेकरीच्या खटल्यात हाच भेद केला. समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारा मजकूर केकवर लिहायला बेकरी नकार देऊ शकते, पण गिऱ्हाईक समलिंगी आहे म्हणून त्याला परत पाठवू शकत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट संविधानातच आहे. अनुच्छेद 15(2) म्हणतो की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांत प्रवेश नाकारता येणार नाही. जन्मस्थान हे कारण चाकणमध्ये तर विशेष ध्यानात ठेवावे. नोव्हेंबर 1948 मध्ये संविधान सभेत प्रश्न आला, ‘दुकान’ या शब्दात धोबी, न्हावी येतात का? डॉ. आंबेडकरांनी सांगितले, येतात. सेवा मागायला येईल त्याला सेवा देणारी प्रत्येक जागा त्यात येते. हे उत्तर त्यांच्या अनुभवातून आले होते. 1917 मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले तेव्हा हिंदू हॉटेलांत थारा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. फक्त पारशांसाठी असलेल्या सराईत त्यांना पारशी नाव लावून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून हुसकावले. मग एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिले, दोघांनीही टाळले. परदेशातून शिकून आलेल्या त्या माणसाला त्या शहरात रात्र काढायला जागा उरली नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना बंदी करण्याचा ठराव केला. पुढच्याच महिन्यात राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी झटका मटण विकणाऱ्या हिंदू विक्रेत्यांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र आणले. झटका मटण हवे असणाऱ्याने ते मागावे, तो त्याचा हक्क आहे. पण संविधानाची शपथ घेतलेल्या मंत्र्याने विक्रेत्याचा धर्म पाहून खरेदी करायला सांगणे चूक आहे, आणि ते स्पष्टपणे म्हटले पाहिजे. आज विक्रेत्याचा धर्म विचारला जातो, उद्या गिऱ्हाइकाचा विचारला जाईल. याउलट देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आपली पहिली अभंग-आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी करते. याच पट्ट्यातली ही रीत आहे, दरवर्षी हजारो वारकरी ती पाळतात.

अडचण कायद्याच्या दुबळेपणाची आहे. अनुच्छेद 15(2) हक्क देतो, पण तो मोडणाऱ्याला शिक्षा सांगत नाही. 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा माल किंवा सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवतो, पण अस्पृश्यतेच्या कारणापुरताच. धर्मावरून परत पाठवलेल्या कामगाराने पोलीस चौकीत जाऊन कोणते कलम सांगायचे? सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 मध्ये कायदा करून महाराष्ट्राने जातपंचायतींना चाप लावला. तेच विधिमंडळ हेही करू शकते. धर्म किंवा जन्मस्थान पाहून दुकान, खानावळ, लॉज आणि भाड्याची खोली नाकारणे दंडनीय ठरवणारे विधेयक सरकारने आणावे, आणि पिंपरी-चिंचवड, चाकणच्या आमदारांनी त्याची मागणी सर्वांत आधी करावी.