बलाढ्य मोटारीस कोणतें डिफरन्शियल?

विद्यार्थ्यांत मोटारींची चर्चा निघाली म्हणजे ती अश्वशक्तीपाशीं सुरू होते आणि बहुधा तेथेंच संपते. एंजिन किती बलाढ्य आहे हें सर्वांस पाठ असतें. परंतु तें बल रस्त्यापर्यंत पोंचतें कसें, हें क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः मोटार निवडणाऱ्या पालकांनीं व ती हांकूं इच्छिणाऱ्या तरुणांनीं प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच होय.

बैलगाडीचीं चाकें आंसावर मोकळीं फिरतात. म्हणून वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर कापावें लागलें तरी अडचण पडत नाहीं. मोटारींत मात्र चाकें एंजिनानें फिरवावयाचीं असतात. दोहोंस बल मिळावें आणि तरीही त्यांस भिन्न वेगानें फिरतां यावें, यासाठीं डिफरन्शियल ही दांतेरी चाकांची योजना केलेली असते. साध्या डिफरन्शियलमध्यें एक उणीव आहे. तें दोन्ही चाकांस समान पीळ, म्हणजे टॉर्क, देतें. समजा, एक चाक चिखलांत आहे आणि 200 न्यूटन-मीटर पीळ मिळतांच तें घसरूं लागतें. मग कोरड्या रस्त्यावरील दुसऱ्या चाकासही तेवढाच पीळ मिळणार. एंजिनाचें उरलेलें सामर्थ्य फुकट!

जर्मनींतील ऑटो युनियन कंपनीच्या सोळा सिलिंडरांच्या शर्यतीच्या मोटारींत हा दोष फार जाणवला. भरवेगांतही मागचें एक चाक घसरत राही. तेव्हां फर्डिनांड पोर्शे यांनीं 1935 सालीं झेड. एफ. या कारखान्याकडून त्यावर उपाय करवून घेतला. हेंच लिमिटेड-स्लिप, म्हणजे घसरणीस मर्यादा घालणारें, डिफरन्शियल.

आज त्याचे मुख्य प्रकार चार. पहिल्यांत क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. त्याची पकड खंबीर असून ती हवी तशी कमीअधिक करून घेतां येते. परंतु चकत्या झिजतात, विशिष्ट तेल लागतें, आणि सावकाश वळतांना गाडी कधीं कधीं कुरकुरते. दुसरा टॉर्सेन, याचें पेटंट व्हर्नन ग्लीसमन यांस 1958 सालीं मिळालें. यांत दांतेरी चाकांच्या घर्षणानेंच काम होतें. तिपटीपर्यंत फरक पेलणारें टॉर्सेन असेल, तर वरील उदाहरणांत दुसऱ्या चाकास 600 न्यूटन-मीटर मिळतील. मात्र एक चाक अधांतरीं उचललें गेल्यास शून्याची तिप्पट शून्यच! तिसऱ्या प्रकारांत घट्ट सिलिकोन द्रव असतो. तो चाक घसरूं लागल्यावरच जागा होतो. चवथ्यांत संगणक चकत्यांचा दाब क्षणोक्षणीं बदलतो; काम उत्तम, पण खर्च व दुरुस्तीही तशीच.

माझें मत असें कीं, रोज सार्वजनिक रस्त्यावर चालावयाच्या बलाढ्य मोटारीस टॉर्सेनसारखा दांतेरी प्रकारच योग्य होय. तो शांतपणें काम करतो, लवकर झिजत नाहीं, आणि रस्त्यावर चाक अधांतरीं होण्याचा प्रसंग विरळा. चकत्यांचा प्रकार शर्यतीच्या मैदानासाठीं राखावा. तेथें यंत्र वारंवार उघडून चकत्या बदलणारे हात तयार असतात.

कोणी म्हणेल, असें यंत्र बसविलें म्हणजे गाडी निर्धोक झाली. हा समज घातक आहे. मागच्या चाकांनीं चालणाऱ्या गाडींत साधें डिफरन्शियल असतां एक चाक घसरतें, पण दुसरें गाडीचा मागचा भाग सरळ धरून ठेवतें. लिमिटेड-स्लिपमध्यें मर्यादा ओलांडली कीं दोन्ही चाकें एकदम सुटूं शकतात, आणि ओल्या रस्त्यावर गाडी क्षणार्धांत आडवी फिरते. पकड वाढते ती डिफरन्शियलमुळें नव्हे, पकड टायरांची. डिफरन्शियल त्या पकडीचा पुरेपूर उपयोग करून घेतें, इतकेंच. गुळगुळीत झालेल्या टायरांवर कितीही महाग यंत्र व्यर्थ होय.

म्हणून पालकांस विनंति कीं, मुलगा अश्वशक्तीचा आंकडा सांगूं लागला म्हणजे त्यास तीन गोष्टी विचाराव्या: टायर कसे आहेत, डिफरन्शियल कोणतें आहे, आणि पावसांत वळणावर पाय किती हलका ठेवावा हें त्यास ठाऊक आहे काय? तिहींचीं उत्तरें नीट मिळेपर्यंत किल्ली आपल्याच खिशांत ठेवावी.