पंचनामा आणि विमापत्र

पावसाळा तोंडावर आला म्हणजे पनवेलच्या बाजारपेठेत छपरांची डागडुजी होते, ताडपत्र्या बाहेर निघतात व खालच्या फळीवरील माल वरच्या फळीवर चढतो. ही सावधगिरी स्तुत्य आहे. परंतु दुकानाचा विमा आहे काय, असल्यास किती रकमेचा, कोणत्या संकटाचा व कोणाच्या नावे, असे चार प्रश्न विचारले असता उरण नाक्यापासून मिरची गल्लीपर्यंत कित्येक दुकानदार निरुत्तर होतील, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. ज्या गावाची नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली व ज्याच्या बंदरावर एके काळी मोठा व्यापार चाले, त्या गावच्या व्यापाऱ्यांस ही बेफिकिरी शोभत नाही.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रायगड जिल्ह्याने काय भोगले, याचे विस्मरण पनवेलकरांस झाले नसेल. पुढे २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूणची व सावित्रीने महाडची बाजारपेठ बुडविली. पंचनामे झाले आणि ऑगस्टात राज्य सरकारने मदत जाहीर केली: दुकानदारास फार तर ५० हजार रुपये, टपरीवाल्यास १० हजार. ज्याचा दहा लाखांचा माल चिखलात गेला, त्याने या रकमेत काय उभे करावे? तथापि सरकारास येथे दोष देण्याचा आमचा हेतु नाही. सरकारी मदत हा अनुग्रह होय, हक्क नव्हे. आणि अनुग्रहाची मर्यादा देणारा ठरवितो. विम्याची मर्यादा घेणारा ठरवितो. या दोहोंतील भेद ज्याला कळला, तो पंचनाम्याच्या रांगेत आशाळभूतपणे उभा राहणार नाही.

विम्याचे फळ पनवेलकरांनी पाहिले नाही, असेही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये येथील कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तेव्हा ठेवीदारांस पाच लाखांपर्यंतच्या रकमेचा आधार होता तो ठेव-विम्याचाच. पण त्या विम्यासाठी ठेवीदारास काही करावे लागले नव्हते. कायद्यानेच तो बँकेवर लादलेला होता. दुकानातील मालाचा विमा असा कायद्याने आपोआप उतरत नाही. तो ज्याचा त्याने उतरावा लागतो.

आता कोणी म्हणेल, "आमचा विमा बँकेने काढला आहे." या उत्तरात फार मोठा भ्रम आहे. कर्ज देणारी बँक तारण मालाचा विमा उतरविते तो मुख्यतः आपल्या कर्जाच्या रक्षणासाठी. हप्ता तुमच्या खात्यातून जातो, पण नुकसानभरपाईवर पहिला हात बँकेचा असतो. तारणाबाहेरचा माल, फर्निचर, यंत्रे यांचा त्यात समावेश असेलच असे नाही. विमापत्राची प्रत मागून घेऊन ती वाचणे हा तुमचा अधिकार आहे, आणि कर्तव्यही.

दुसरा भ्रम रकमेविषयीचा. हप्ता वाचावा म्हणून वीस लाखांच्या मालाचा विमा दहा लाखांचाच उतरविणारे व्यापारी स्वतःस चतुर समजतात. "नुकसान काही सगळ्या मालाचे होत नाही, चार लाखांचे झाले तर चार लाख मिळतीलच," असा त्यांचा हिशेब. पण करार तसा नाही. निम्म्या किंमतीचा विमा उतरविला तर उरलेल्या निम्म्याचा विमा तुम्ही स्वतःच पत्करला, असे कायदा समजतो. म्हणून चार लाखांच्या नुकसानीस दोनच लाख पदरात पडतात. १ एप्रिल २०२१ पासून ज्यांची एका जागेवरील मालमत्ता पाच कोटींपर्यंत आहे, अशा लहान धंदेवाल्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही एकसारख्या शर्तींची योजना लागू झाली. तीत विम्याची रक्कम पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी कपात होत नाही. वीस लाखांच्या मालास सतरा लाखांचा विमा चालेल. दहा लाखांचा चालणार नाही. दिवाळीपूर्वी माल दुप्पट भरणाऱ्याने विम्याची रक्कमही त्या मानाने वाढविली पाहिजे.

या योजनेत आग, पूर, वादळ, भूकंप यांचा समावेश आहे. मात्र घरफोडीसाठी निराळे विमापत्र लागते, व दुकान बंद राहिल्याने बुडालेला नफाही निराळाच विमा घेतल्याशिवाय मिळत नाही. जुन्या पेठेत पागडीने दुकान घेतलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, इमारत मालकाची असली तरी आतील माल व सामान तुमचे आहे, व त्याचा विमा तुम्हीच उतरविला पाहिजे. गिऱ्हाइकाचे कापड शिवणाऱ्याने अगर दुसऱ्याचा माल अडतीवर ठेवणाऱ्याने तसे विमापत्रात स्पष्ट लिहवून घ्यावे.

आता थोडे कडू बोलतो. विमा कंपनीचा सर्व्हेयर येतो तेव्हा तो भिजलेली पोती मोजतो, तशाच वह्याही मागतो. जो माल कर चुकविण्यासाठी वहीत चढलाच नाही, तो बुडाला हे सिद्ध कसे करणार? सरकारास दाखविण्याची वही एक व खरी वही दुसरी, ही चाल ज्यांनी चालविली, त्यांस संकटकाळी दोन्ही वह्या अंतर देतात. सचोटीची जमाखर्चाची वही हाच विम्याचा पहिला हप्ता होय. तिची नक्कल दुकानाबाहेर सुरक्षित ठेवावी, आणि नुकसान झाल्यास तात्काळ लेखी खबर देऊन, सर्व्हेयर पाहीपर्यंत खराब माल फेकू नये.

विमा कंपन्या निर्दोष आहेत असे आमचे म्हणणे नाही. समजणार नाही अशा इंग्रजीत पानेच्या पाने शर्ती छापून त्याखाली कोकणातल्या दुकानदाराची सही घेणे ही फसवणूक नसली तरी प्रामाणिकपणाही नव्हे. १९०७ साली मुंबईत इंडियन मर्कंटाईल व १९१९ साली दोराबजी टाटांची न्यू इंडिया या स्वदेशी कंपन्या निघाल्या. १९७३ पासून सामान्य विम्याचा धंदाच राष्ट्राच्या मालकीचा झाला, व पुढे खाजगी कंपन्यांसही तो मोकळा झाला. इतक्या काळात कंपन्या देशी झाल्या, भाषा मात्र परकीच राहिली! शर्तींचा मराठी तर्जुमा हाती पडल्यावाचून सही करू नये. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास, कंपनीकडे लेखी तक्रार करून दाद न मिळाल्यावर, लहान धंदेवाल्यास पन्नास लाखांपर्यंतच्या तंट्यासाठी विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही, व आमच्या व्यवसायबंधूंस सांगण्यास हरकत नाही की, वकिलाचेही काम नाही.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. पनवेलच्या व्यापारी मंडळींनी दरवर्षी मे महिन्यात एक दिवस नेमावा. सभासदांनी आपापली विमापत्रे घेऊन यावे, जाणत्यांनी ती मराठीत समजावून द्यावी व प्रत्येकाने रक्कम मालाशी ताडून पाहावी. गणेशोत्सवाची वर्गणी जमविणाऱ्या पेठेस एवढे जड नाही. पूर यावा की न यावा हे आपल्या हाती नाही. पूर ओसरल्यावर हात पसरावयाचा की विमापत्र पुढे करावयाचे, हे मात्र आपल्याच हाती आहे.