पोराला मांडीवर घेऊन पुण्याला निघताय? आधी मागचा बेल्ट बाहेर काढा

पुणे : नोव्हेंबर २०२५ मध्ये नवले पुलाजवळ अवजड वाहनांच्या मधे कार चिरडून पेटली आणि कात्रज बोगद्यापासूनच्या उतारावर पुन्हा चर्चा झाली. तसल्या अपघातात बेल्ट काय करणार, असं लोक म्हणतात. ते खोटं नाही. पण सिग्नलला पुढच्या गाडीवर आदळण्यासारख्या साध्या धडकेत मागच्या पोराचं काय होतं, यावर कोणी बोलत नाही.

ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं लेकरू धरून ठेवायला साधारण १४० किलोचा जोर लागतो. म्हणजे कांद्याच्या ५० किलोच्या जवळजवळ तीन गोण्या. पैलवानालाही ते जमायचं नाही. आईनेही बेल्ट लावला नसेल तर तिचा सगळा भार पोरावर येतो. दोघांवरून एकच बेल्ट घेतला तरी पोरच मधे दाबलं जातं.

पुढची सीट तर नकोच. डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅगच्या दणक्याने गेला. पण मागे बसवलं की झालं, असंही नाही. सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ गेले, ते मागच्या सीटवर, बेल्टशिवाय.

तान्ह्या बाळाचं डोकं जड, मान कोवळी. म्हणून त्याची सीट मागे तोंड करून बांधतात. अशा सीटमुळे बाळांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत कमी होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कायदा आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर चालकाला १,००० रुपये दंड. हेल्मेटच्या पावत्या फाटतात, या कलमाची मात्र ऐकिवात नाही.

सासवड, भोर, शिरूरकडून दवाखान्याला नाहीतर लग्नाला निघालेल्या सात सीटच्या गाडीत दहा माणसं कोंबलेली आणि बेल्ट सीटकव्हरखाली दडपलेले. चाइल्ड सीटला हजारो रुपये पडतात, दोन फेऱ्यांसाठी ती कोण घेणार, हेही खरं. निदान जरा मोठ्या पोराला स्वतंत्र सीट आणि बेल्ट द्यावा. पट्टा खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. गळ्याला घासतो म्हणून काखेखालून घेऊ नये. धडकेत बरगड्यांना तोच लागतो. उंची कमी पडत असेल तर बूस्टर सीट लागते, घरची उशी चालत नाही. ती धडकेत सरकते.