मूठभर तांदूळ आणि भिंतीवरचा हिशोब



मागच्या महिन्यात मुलुंडच्या पाड्यावर बैठक झाली. एका बाईने सरळ विचारलं, "ती संस्था गेली. आता आमच्या दाव्याचे कागद कोण करणार?" संस्था वाईट नव्हती. तिचा प्रकल्प तीन वर्षांचा होता. पैसा संपला, ऑफिस बंद झालं, फायली अर्ध्यावर राहिल्या. पण जमिनीचा लढा काही तीन वर्षांत संपत नाही.

संस्थांना पैसा येतो कुठून? परदेशी देणगीदार, सरकारी योजना, कंपन्या. मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले 2 टक्के समाजकामाला द्यावेत असा 2013 चा कायदा आहे. त्यातून पोरांना वह्या मिळतील, आरोग्य शिबिर होईल. जमिनीचा मोर्चा निघेल का? परदेशी पैशाचं तर 2011 च्या नियमांतच लिहिलं होतं – बंद, रास्ता रोको, जेलभरो करणारी संघटना राजकीय ठरवता येईल, मग तिला तो पैसा नाही; 2020 पर्यंत ते तसंच होतं, मग ते पक्षीय राजकारणात उतरणाऱ्या संघटनांपुरतं झालं. ज्याचा पैसा, त्याचा शब्द.

दुसरी वाट आपल्याच मुलखात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरिबांच्या पोरांची वसतिगृहं चालवायला घरोघरी मूठ मूठ धान्य मागितलं. त्याला मुष्टिफंड म्हणत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकायची रीत पाडली. त्यांना सामूहिक वनहक्क 2009 ला मिळाला, पण बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला 27 एप्रिल 2011 उजाडला. एवढा दम धरायचा तर कोष स्वतःचा लागतो.

आपला खर्च तरी काय? वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंतचं भाडं, झेरॉक्स, नकाशे, या पत्रिकेचा कागद, स्टेन्सिल, शाई. म्हणून आमचं म्हणणं असं: दर घरामागे महिन्याला 10 रुपये. नसतील तर मूठभर तांदूळ. तेही नसेल तर एक दिवस कामाला या. पैशाची पावती मागून घ्या. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. महिन्याचा हिशोब पाड्यातल्या भिंतीवर लिहायचा आणि बैठकीत मोठ्याने वाचायचा. मागच्या वर्षी आम्ही हिशोब वेळेवर सांगितला नाही. ती चूक आमची, पुन्हा होणार नाही.

बाहेरची मदत नकोच असं नाही. कुणी वकील फी न घेता उभा राहिला तर त्याचे उपकार मानू. पण निर्णय पाड्याचाच.

त्या बाईला आमचं उत्तर एवढंच: बाई, कागद आपणच करायचे. तुझ्या मुठीपासून सुरुवात करू.

जिंदाबाद!