सवलत आहे, पण गाडी आहे काय?

दि. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून अमरावती-मुंबई विमानसेवा सुरू झाली. वऱ्हाडाला याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच जिल्ह्यातील भातकुली तालुक्याच्या खेड्यांतून महाविद्यालयासाठी वा इर्विन रुग्णालयासाठी अमरावतीला जाणाऱ्या माणसाचा प्रश्न विमानाचा नाही, वेळेवर येणाऱ्या एसटीचा आहे.

सार्वजनिक वाहन वऱ्हाडाला परके नव्हते. कापसासाठी इंग्रजी राजवटीत येथे रुळ पडले. बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत फाटा निघाला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही १८९ किलोमीटरची अरुंद वाट तर 'शकुंतला' या लाडक्या नावाने घराघरांत पोहोचली. तिची योजना कापसाच्या गाठींसाठी होती. सामान्य प्रवाशांनी तिला आपली केली. स्वातंत्र्यानंतर, १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीद घेऊन पुढे ती राज्यभर गावोगावी गेली. शकुंतलेची चाके आज थांबली आहेत. एसटीचेही तसेच होऊ द्यायचे काय?

या क्षयाची रीत ठरलेली आहे. गाडी अवेळी आली की ज्याला परवडते तो दुचाकी घेतो. प्रवासी घटले की उत्पन्न घटते आणि तोट्याचे कारण देऊन फेरी बंद होते. २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपाने तर अनेकांची एसटीची सवयच मोडली. मागे उरतात ते वृद्ध, शाळकरी मुले आणि मुली. शहरातील रस्ते रुंद होतात, उड्डाणपूल उभे राहतात. परंतु ज्याच्याजवळ वाहन नाही, त्याला त्या रुंदीचा उपयोग काय?

शासनाने सवलती दिल्या, हे मान्य केलेच पाहिजे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे, हे निर्णय स्वागतार्हच होत. पण फेरीच नसेल तर सवलत कशावर घ्यायची? सायंकाळची शेवटची गाडी बंद झाली की मुलाला मित्राची दुचाकी मिळते. मुलीचे मात्र शिक्षण थांबते. हा तोटा महामंडळाच्या ताळेबंदात दिसत नाही, कुटुंबाच्या आयुष्यात दिसतो.

१९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने महामंडळावर दोन जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवावा, ही एक. आणि कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर व सुसूत्र वाहतूक सेवा पुरवावी, ही दुसरी. पहिलीचा उच्चार वारंवार होतो, दुसरीचा विसर पडतो. वस्तुतः शाळा आणि दवाखाना यांचा हिशेब आपण नफ्यातोट्याने मांडत नाही. तेथवर पोहोचवणाऱ्या गाडीचा तरी का मांडावा?

यासाठी फार मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. महाविद्यालयांच्या व कार्यालयांच्या वेळा पाहून फेऱ्यांचे वेळापत्रक ठरवावे, ते गावच्या थांब्यावर लावावे आणि निदान वर्षभर बदलू नये. एसटी व शहर बससेवा यांचे थांबे एकमेकांना जोडावेत. बंद करावयाच्या फेरीविषयी आधी ग्रामसभेत विचारणा व्हावी. ग्रामस्थांनीही गाडी सुरू झाल्यावर तिच्यातूनच जाण्याचा आग्रह धरावा. रिकामी धावणारी गाडी कोणतेही आंदोलन फार काळ टिकवू शकत नाही.

नगराची प्रगती त्याच्या रस्त्यांवरील मोटारींच्या संख्येने मोजू नये. भातकुलीच्या एखाद्या खेड्यातील मुलगी सायंकाळी निर्धास्तपणे घरी परतते की नाही, हेच तिचे खरे माप होय.