फातोर्ड्याला न आलेला पाहुणा
रोनाल्डो येणार, रोनाल्डो येणार म्हणून गोव्यात केवढा गाजावाजा! २२ ऑक्टोबर २०२५ रोजी सौदीचा अल नस्र संघ मडगावच्या फातोर्डा मैदानावर उतरला; रोनाल्डो मात्र आलाच नाही. आशियाई क्लबांच्या दुय्यम स्पर्धेतला हा सामना एफसी गोवाने १-२ असा गमावला. हळहळ झाली ती न आलेल्या पाहुण्याची. वास्तविक, आपल्या ब्रायसन फर्नांडिसने त्या बलाढ्य संघावर गोल केला, ही खरी बातमी.

याच मैदानावर एप्रिल २०२१ मध्ये, आशियातील सर्वोच्च क्लब-स्पर्धेत, गोव्याने कतारच्या अल रय्यानला दोनदा बरोबरीत रोखले होते. तेव्हा करोनामुळे प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता.

असो. ऑक्टोबर उजाडला तरी आपली इंडियन सुपर लीग करारांच्या घोळात अडकलेलीच होती. घरची लीग बंद, आणि मुलांनी आशियाशी झुंजायचे! (बँकेत आयुष्य गेले म्हणून विचारतो, भरणाच नसलेल्या खात्यातून काढणार किती?) महासंघाने मोसमाच्या तारखा वेळेवर जाहीर कराव्यात. रोनाल्डोवाचूनही तिकिटाच्या रांगेत उभे राहणारे गोव्यात पुष्कळ आहेत.